पायी चालणाऱ्याला मतदारसंघ नाही

राजधानीत वाहने थांबतात ती मुख्यतः दोन प्रसंगी. सिग्नलचा दिवा लाल होतो तेव्हा, आणि एखाद्या अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा ताफा जायचा असतो तेव्हा. पहिल्या प्रसंगी कॅमेऱ्याचा धाक असतो, दुसऱ्या प्रसंगी पोलिसाचा. थांबण्याचा तिसरा एक प्रसंगही कायद्याने सांगितलेला आहे. सिग्नल नसलेल्या ठिकाणी झेब्रा पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पायी ओलांडणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, असे केंद्र सरकारने २०१७ साली अधिसूचित केलेल्या मोटार वाहन (चालन) विनियमांत नमूद आहे. हा विनियम पाळण्याच्या हेतूने एखादा चालक दिल्लीच्या रस्त्यावर खरोखरच थांबला, तर मागून येणारे चालक भोंगे वाजवून त्याला वेड्यात काढतात. कायदा पाळणारा वेडा ठरावा, इतका हा नियम अपरिचित राहिला आहे.

ही केवळ शिष्टाचाराची बाब असती तर राजकीय पानावर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांतील आकडे शिष्टाचाराच्या पलीकडचे आहेत. २०२३ साली देशातील रस्त्यांवर १ लाख ७२ हजार ८९० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३५ हजार २२१ पायी चालणारी होती. याचा अर्थ दररोज सरासरी ९६ पादचारी घरी परतले नाहीत. २०१६ साली एकूण मृतांत पादचाऱ्यांचा वाटा साडेदहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो वीस टक्क्यांच्या वर गेला. या वाढीतील काही भाग नोंदी सुधारल्याचा असू शकेल. दिवंगत प्रा. दिनेश मोहन यांच्यासह आयआयटी दिल्लीतील अभ्यासकांनी वर्षानुवर्षे हेच बजावले होते की, पोलिसांच्या राष्ट्रीय आकडेवारीत पादचारी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजले जातात. तसे असेल तर जुने आकडे अपुरे होते, एवढेच सिद्ध होते. नवे आकडे त्यामुळे सुसह्य होत नाहीत. राजधानीचे चित्र तर याहून गंभीर आहे. दिल्ली वाहतूक पोलिसांच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांकडे पाहिले तर रस्त्यावर मरणाऱ्या दर दहांमध्ये साधारणतः चार जण पायी चालणारे असतात.

मरणारे कोण, याचे उत्तर जनगणनेत सापडते. शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य कामांवर जाणाऱ्या माणसांच्या प्रवासाची नोंद २०११ च्या जनगणनेने घेतली. त्यांत सुमारे साडेचार कोटी लोक कामावर पायी जात असल्याचे आढळले. मोटारीने जाणाऱ्यांची संख्या सुमारे ५४ लाख होती. त्यानंतर मोटारी व दुचाकी वाढल्या हे खरे. पण बसने किंवा मेट्रोने जाणारा प्रत्येक प्रवासीही प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारीच असतो. या देशात पायी चालणारे हे बहुसंख्य आहेत. लोकशाहीत बहुसंख्यांचे म्हणणे ऐकले जाते, असे राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते. रस्त्यावर मात्र हा धडा उलटा का होतो, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चालकांच्या संस्कारांत शोधण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे तर संसदेच्या कामकाजात, विधेयकांच्या मजकुरात आणि सरकारे कोणापुढे माघार घेतात याच्या इतिहासात शोधले पाहिजे.

प्रथम कायद्याचा मजकूर पाहू. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातील दंड मोठ्या प्रमाणात वाढवले. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही. हेल्मेट न घालणाऱ्यास एक हजार रुपये आणि तीन महिने परवाना निलंबन. सीटबेल्ट न लावणाऱ्यास एक हजार. वाहन चालवण्याच्या विनियमांचा भंग करणाऱ्यास मात्र कलम १७७-अ नुसार पाचशे ते एक हजार रुपये दंड. आणि पादचाऱ्यासाठी न थांबणे हा असाच विनियमभंग आहे. याच दुरुस्तीने धोकादायक वाहनचालनाच्या कलम १८४ ला एक स्पष्टीकरण जोडले. लाल दिवा ओलांडणे, थांबण्याची खूण डावलणे, हातात मोबाइल धरून वाहन चालवणे, नियमबाह्य रीतीने पुढे जाणे, उलट्या दिशेने वाहन नेणे असे प्रकार त्यात नावानिशी मोजले गेले. झेब्रा पट्ट्यांवर माणूस असताना वेग कमी न करणे हा प्रकार त्या यादीत नाही. यादीच्या शेवटी सर्वसाधारण स्वरूपाचा एक उपखंड आहे, त्यात तो बसवता येईल, असे विधिज्ञ सांगतील. पण चौकात उभा असलेला हवालदार शेवटचा उपखंड वाचून चलान फाडत नाही. ज्याचे नाव यादीत नाही, त्याची दखल चौकात घेतली जात नाही.

हेल्मेट आणि सीटबेल्ट यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी प्राण वाचतात. मुद्दा असा की, ज्याच्यामुळे स्वतःचा जीव जातो त्या चुकीकडे कायद्याने बारकाईने पाहिले आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याचा जीव जातो त्या चुकीला सरसकट विनियमभंगांच्या रांगेत ठेवले. हे कोणी जाणूनबुजून केले असेल असे नव्हे. कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा बळी म्हणून जी आकृती उभी राहते, ती वाहनात बसलेली असते, हे त्याचे कारण असावे.

याला संसदेचा अनुभवही जबाबदार आहे. माजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग १९९४ मध्ये, राजेश पायलट २००० मध्ये, साहिबसिंग वर्मा २००७ मध्ये मोटार अपघातात गेले. महाराष्ट्राला तर ३ जून २०१४ ची सकाळ विसरणे शक्य नाही. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले असताना ल्युटेन्स दिल्लीतील एका चौकात त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि राज्याच्या राजकारणातील एक पर्व संपले. त्या घटनेने दिल्ली हादरली. रस्ते सुरक्षेसाठी सर्वंकष नवा कायदा करण्याची घोषणा झाली. नितीन गडकरी यांच्या मंत्रालयाने त्याच वर्षी रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयकाचा मसुदा तयार केला. पुढे २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावरील सीटबेल्ट हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला आणि काही दिवसांतच त्याबाबतची मसुदा अधिसूचना निघाली. एका मृत्यूने धोरण हलू शकते, हे या दोन्ही उदाहरणांवरून दिसते. पण तो मृत्यू परिचित नावाचा असावा लागतो. दररोजच्या ९६ मृत्यूंना असे नाव नसते. मजूर, सुरक्षारक्षक, घरकाम करणारी बाई, शाळेतून परतणारे मूल, सकाळी दूध आणायला निघालेले निवृत्त गृहस्थ, अशी ती माणसे असतात; आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांना चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

२०१४ च्या मसुद्याचे पुढे काय झाले, हा संसदीय प्रवासही उद्बोधक आहे. राज्यांच्या व वाहतूकदारांच्या विरोधानंतर सर्वंकष कायद्याचा नाद सोडून १९८८ च्या कायद्यातच दुरुस्ती करण्याचे ठरले. ते विधेयक ऑगस्ट २०१६ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथे संमत झाले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल दिला, पण सोळाव्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा आले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यसभेने १०८ विरुद्ध १३ मतांनी त्यावर मोहोर उमटवली. या पाच वर्षांतील वादाचे प्रमुख विषय होते राज्यांचे अधिकार, परवाना व नोंदणीची पद्धत, खासगी वाहतूकदारांना मिळणारी मोकळीक आणि दंडाची रक्कम. हे सर्व विषय महत्त्वाचे होते. परंतु रस्ता ओलांडणाऱ्याचा हक्क या विषयावर सरकार अडचणीत आले, सभागृह तहकूब झाले किंवा एखाद्या पक्षाने मतविभागणी मागितली, असे घडले नाही.

पादचाऱ्याला या दुरुस्तीने काहीच दिले नाही, असेही नाही. कलम १३८ मध्ये १-अ हे पोटकलम नव्याने आले. त्यानुसार रस्ते सुरक्षेच्या हितासाठी राज्य सरकारांना नियम करता येतात. कशाचे नियम? तर पादचारी आणि विनायंत्र वाहने यांच्या सार्वजनिक जागांवरील व राष्ट्रीय महामार्गांवरील हालचालींचे आणि प्रवेशाचे नियमन करण्याचे. शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. ज्याचे रक्षण व्हायचे, त्याचेच नियमन करण्याचा अधिकार कायद्याने दिला. अर्थात, या शब्दांतूनही पादचाऱ्याचे हित साधणारे नियम करणे शक्य होते. पण 'करता येतात' या क्रियापदाचा शासकीय अर्थ बहुधा 'न केले तरी चालतात' असा होतो, हे सचिवालयात वावरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. सहा वर्षे उलटूनही देशभर असे नियम तयार झाले नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांना सहा महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. ज्या याचिकेत हा आदेश झाला, ती कोईमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली दाखल केलेली आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोज मोडकी हाडे पाहणारा एक डॉक्टर न्यायालयात जातो आणि तेरा वर्षांनी राज्यांना नियम करण्याची आठवण करून दिली जाते. लोकप्रतिनिधींनी जी भूमिका बजवायची, ती एका याचिकाकर्त्याच्या वाट्याला आली.

येथे मतदारसंघाचा प्रश्न येतो. भारतीय राज्यकर्ते कोणाचे ऐकतात, हे दोन प्रसंगांवरून ताडता येईल. १ सप्टेंबर २०१९ रोजी वाढीव दंड लागू झाले आणि दोन आठवड्यांच्या आत गुजरातने अनेक दंड कमी केले. पश्चिम बंगालने अंमलबजावणीस नकार दिला. विधानसभा निवडणुकीच्या उंबरठ्यावर असलेल्या महाराष्ट्रात तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंड रोखून धरले. राज्यात ते लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. पक्ष वेगवेगळे होते, प्रतिसाद एकच होता. दुसरा प्रसंग जानेवारी २०२४ चा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमाने, निष्काळजीपणाने वाहन चालवून एखाद्याचा बळी घेणाऱ्या आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. मालमोटार चालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि केंद्राने चर्चेविना ही तरतूद अमलात आणणार नसल्याचे आश्वासन दिले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, ती हे पोटकलम वगळून.

चालकांच्या आंदोलनात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. अपघातानंतर जमावाच्या हाती सापडण्याची त्यांची भीती खरी आहे, आणि कठोर शिक्षेने चालक थांबतील की अधिक वेगाने पळतील, हा वादही खराच आहे. पण चक्का जाम करण्याची शक्ती ज्याच्या हाती आहे, त्याचे म्हणणे दोन दिवसांत ऐकले गेले, हे लक्षात घ्यायला हवे. पादचाऱ्यांना चक्का जाम करता येत नाही. त्यांची संघटना नाही, जात नाही, पतपेढी नाही, जाहीरनाम्यात त्यांच्यासाठी परिच्छेद नाही. पायी चालणारा स्वतःची ओळख पादचारी म्हणून सांगत नाही. दुचाकीचे हप्ते भरण्याची ऐपत आली की आपण या वर्गातून सुटू, अशी त्याची आशा असते. ज्या वर्गातून बाहेर पडणे हीच सदस्यांची महत्त्वाकांक्षा असते, त्या वर्गाचे राजकारण उभे राहणे कठीण असते.

ते उभे करण्याचा प्रयत्न केला तर काय होते, याचे उदाहरण दिल्लीनेच पाहिले आहे. आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या पट्ट्यात २००८ मध्ये बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. तिच्यासोबत सलग पदपथ आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी आली. रचनेत दोष होते. बसथांबे रस्त्याच्या मध्यभागी असल्याने प्रवाशांना वाहतूक ओलांडून जावे लागे, आणि सिग्नलची चक्रे लांबलचक होती. ते दुरुस्त करता आले असते. वाद मात्र मोटारीत बसणाऱ्यांचा किती वेळ वाया जातो, याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. मार्गिका रद्द करण्याची मागणी घेऊन आलेली याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळली. न्यायालयात जे टिकले, ते राजकारणात टिकले नाही. २०१५ मध्ये आम आदमी पक्षाच्या सरकारने मार्गिका मोडण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी ती उखडली गेली. सामान्य माणसाचे नाव धारण करणाऱ्या पक्षाला, तिला विरोध करणाऱ्या अन्य पक्षांना आणि मोटारवाल्यांना एकत्र आणणारा हा दुर्मीळ मुद्दा होता.

यानंतर उरतो तो सर्व सरकारांचा आवडता उपाय : पादचारी पूल आणि भुयारी मार्ग. मुंबईत २००८ साली वांद्रे स्थानकाबाहेर पहिला स्कायवॉक उभा राहिला. दिल्लीत २०१८ साली आयटीओ चौकात मोठा स्कायवॉक आला. नव्याने सजलेल्या कर्तव्यपथाच्या चौकांतही पादचाऱ्यांसाठी चार भुयारी मार्ग आहेत. मेट्रो स्थानकाला जोडलेला, सरकते जिने व उद्वाहन चालू असलेला पूल उपयोगी ठरतो, यात शंका नाही. महामार्गावर त्याला पर्यायही नसेल. पण शहराच्या अंतर्गत रस्त्यावर पूल बांधणे याचा अर्थ असा की, वाहनाला दहा सेकंद थांबावे लागू नये म्हणून माणसाला चाळीस पायऱ्या चढायला लावणे. गुडघे दुखणारी आजी, चाकाच्या खुर्चीतील तरुण, डोक्यावर ओझे घेतलेला हमाल यांना हा व्यवहार परवडत नाही. ते पुलाखालून, दुभाजकाच्या तुटलेल्या कठड्यातून रस्ता ओलांडतात. मग अपघात झाला की नोंद होते : पूल असूनही पादचाऱ्याने वापरला नाही. पुलाच्या उद्घाटनाची कोनशिला मात्र पादचाऱ्याच्या सोयीचा उल्लेख करते.

पादचारीच बेशिस्त आहेत, हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. कानाला मोबाइल लावून, धावत्या वाहनांमधून वाट काढणारी माणसे सर्वत्र दिसतात. पण बेशिस्तीचा काही भाग अंकगणिताने उलगडतो. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. २४ मीटर रुंदीचा रस्ता त्या वेगाने वीस सेकंदांत ओलांडता येतो. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला त्यासाठी तीस सेकंद लागतात. हिरवा दिवा वीस सेकंदांचा असेल तर तो वृद्ध आठ मीटर अलीकडेच अडकतो आणि त्याच वेळी डावीकडे वळणाऱ्या मोटारी त्याच्या अंगावर येतात. त्याने नियम पाळलेला असतो. रस्ता त्याच्यासाठी आखलेला नसतो. दोन झेब्रा पट्ट्यांमध्ये अर्ध्या किलोमीटरचे अंतर असेल, तर समोरच्या थांब्यावरची बस पकडणारा माणूस अर्ध्या किलोमीटरपर्यंतचा वळसा घालणार नाही, हेही नियोजनकारांना कळायला हवे.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय स्वभावाचा. भारतीय चालक थांबणारच नाही, ते त्याच्या रक्तात नाही, असे दिवाणखान्यात सांगितले जाते. दिल्लीत नव्याने आलेली मराठी मंडळी यात मुंबईच्या शिस्तीची जोड देऊन उत्तरेच्या उद्दामपणावर बोट ठेवतात. उत्तरेच्या उद्दामपणाचा अनुभव कितीही खरा असला, तरी मुंबईच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांतही पादचाऱ्यांचा वाटा मोठाच आहे, तेव्हा या अभिमानाला फारसा आधार नाही. आणि स्वभाव रक्तात असता तर तोच चालक लष्करी छावणीच्या हद्दीत शिरताच वेग कमी करता ना. मिझोरामची राजधानी ऐझॉल भारतातच आहे. तेथील चिंचोळ्या डोंगरी रस्त्यांवर भोंगे क्वचितच वाजतात आणि दुचाकी व मोटारी आपापल्या रांगा सोडत नाहीत. जेथे नियम मोडल्याचे परिणाम होतात, किंवा जेथे समाज नियम मोडणाऱ्याकडे तुच्छतेने पाहतो, तेथे भारतीय माणूसही थांबतो. परिणाम घडवून आणणे हे सरकारचे काम आहे.

न्यायालयांनी या कामाची दिशा दाखवली आहे. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले, आणि त्याच निकालात पदपथ हे चालणाऱ्यांसाठी असतात हेही स्पष्ट केले. त्यानंतर चाळीस वर्षांनी, मे २०२५ मध्ये, अडथळारहित आणि अपंगांना वापरता येईल असा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काचा भाग आहे, असे याच न्यायालयाने सांगितले. ऑक्टोबरच्या आदेशात पन्नास मोठ्या शहरांतील पदपथांच्या लेखापरीक्षणाचाही समावेश आहे. पदपथ मोकळे करणे म्हणजे फेरीवाल्याची टोपली उचलणे, असा अर्थ महापालिका नेहमी घेतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याची यंत्रणा त्यात सांगितली आहे. दक्षिण दिल्लीच्या वसाहतींत पदपथ गिळणाऱ्या मोटारींसाठी अशी कोणतीच अडचण नसते, तरी त्या हलत नाहीत.

आदेश अमलात आणणार कोण, हा राजधानीत नेहमीच गुंतागुंतीचा प्रश्न. एकाच पादचाऱ्याच्या दोन किलोमीटरच्या वाटेत सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद, दिल्ली विकास प्राधिकरण, छावणी मंडळ आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांपैकी तीन-चार संस्थांच्या हद्दी येऊ शकतात. वाहतूक पोलीस केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत. झेब्रा पट्टे रंगवणारी संस्था एक, सिग्नल चालवणारी दुसरी, दंड करणारी तिसरी. रंग उडाला तर जबाबदार कोण, हे ठरेपर्यंत पावसाळा येतो. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ मध्ये केली आहे. एका जिवाची किंमत म्हणून हा दंड क्षुल्लक आहे. तरीही एखाद्या अभियंत्याच्या किंवा ठेकेदाराच्या नावे त्याची नोंद होऊ लागली, तर पुढच्या निविदेत पदपथाची रुंदी कमी करताना हात अडखळेल.

करण्यासारख्या गोष्टी अवाढव्य नाहीत. पादचाऱ्यास वाट न देणे हा प्रकार कलम १८४ च्या यादीत नावानिशी घालणे. त्यासाठी एका ओळीची दुरुस्ती पुरते. लाल दिवा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना झेब्रा पट्टेही दाखवणे. अपघाताच्या वार्षिक अहवालात पादचारी कोठे मरण पावला, जवळचे झेब्रा पट्टे किती अंतरावर होते आणि वाहनाचा वेग काय होता, हे रकाने वाढवणे. कारण ज्याचा रकाना नसतो, त्याच्यासाठी अर्थसंकल्पात शीर्षही नसते. वेगाचा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. मोटारीच्या समोरून धडक बसणाऱ्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका, वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला की साडेचार पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंधरा किलोमीटरचा हा फरक चालकाला घड्याळात एक-दोन मिनिटांचा असतो. अशी कामे आपल्याकडे होतच नाहीत असेही नव्हे. चेन्नई महापालिकेने २०१४ साली पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळते. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, परंतु व्यापाऱ्यांचा विरोध गृहीत धरून बसणाऱ्या नगरसेवकांना गर्दी कोणत्या बाजूला आहे ते निदान पाहायला मिळते.

राजधानीतील अधिकारीवर्गाचा या प्रश्नाशी आणखी एक, अगदी निकटचा संबंध आहे. दिल्लीत झेब्रा पट्ट्यांवरून न थांबता जाणाऱ्या वाहनांत सरकारी वाहनांची संख्या थोडी नाही. १ मे २०१७ पासून या वाहनांवरील लाल दिवे गेले. दिव्याबरोबर यायची ती घाई गेली नाही. सरकारी चालक मागच्या आसनावरील साहेबांची बैठक पाहून वेग ठरवतो, असे समजले जाते. मग तो वेग कमी करण्यासाठी संसदेची, प्रवर समितीची वा न्यायालयाची गरज नाही. विभागाचे एक परिपत्रक, आणि त्याहून सोपे म्हणजे मागच्या आसनावरून उच्चारलेले 'जरा थांब, त्यांना जाऊ दे' हे शब्द पुरेसे आहेत. सरकारी पाटीची मोटार झेब्रा पट्ट्यांपाशी थांबली, तर तिच्या मागे भोंगा वाजवणारा दोनदा विचार करील. राज्ययंत्रणेने स्वतःच्याच राजपत्रातील विनियम आधी स्वतः पाळणे, ही कोणत्याही मोहिमेपेक्षा परिणामकारक सुरुवात ठरेल.

राज्यांचे नियम तयार करणे हा या लढाईचा अर्धाच भाग आहे. २०१७ चा विनियमही राजपत्रात आला होताच. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास नातेवाइकांना मिळणारी भरपाई एप्रिल २०२२ पासून पंचवीस हजारांवरून दोन लाख रुपये झाली, ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण ती मृत्यूनंतरची आहे. जिवंत माणसाला रस्त्याच्या पलीकडे सुखरूप पोहोचवण्याच्या कामासाठी लोकसभेत प्रश्न विचारावे लागतील, विधानसभांत नियमांचे मसुदे मागवावे लागतील, नगरसेवकांकडून पदपथाचा हिशेब घ्यावा लागेल. साडेचार कोटी कामकरी माणसे रोज पायी निघतात. त्यांपैकी प्रत्येकाकडे एक मत आहे आणि मतदान केंद्रापर्यंत त्यांतले बहुतेक चालतच जातात. त्या वाटेवरचा रस्ता ओलांडताना वाहने थांबली का, एवढा एक प्रश्न जरी त्यांनी उमेदवाराला विचारला, तरी मतदारसंघ नसलेल्या या बहुसंख्याकांची दखल सर्व पक्षांच्या कार्यालयांत त्याच आठवड्यात घेतली जाईल.